पावान, गायार्द, ब्रांल: सोळाव्या शतकातला दरबारी नाच आज रंगमंचावर कसा उभा करायचा

लांग्र हे फ्रान्सच्या ईशान्येला टेकडीवर वसलेलं तटबंदीचं गाव. तिथल्या कॅथीड्रलमधल्या जेआं ताबूरो नावाच्या धर्माधिकाऱ्याने स्वतःच्या नावाची अक्षरं फिरवून 'थ्वानो आर्बो' असं टोपणनाव घेतलं आणि १५८९ साली नाचावर पुस्तक छापलं, 'ऑर्केसोग्राफी'. तेव्हा तो सत्तरीला आला होता. पुस्तक संवादाच्या रूपात आहे. काप्रिओल नावाचा तरुण वकील त्याच्याकडे नाच शिकायला येतो आणि प्राचीन काळच्या नाचांबद्दल विचारतो. आर्बो सांगतो की काळ, माणसाचा आळस आणि नाच शब्दांत मांडण्याची अडचण यांमुळे ते हरवले. काप्रिओल लगेच म्हणतो, मग आजचे नाचही याच कारणांनी पुढच्या पिढ्यांना कळणार नाहीत, म्हणून तुम्ही लिहून ठेवा.

काप्रिओलच्या त्या हट्टाची फळं मी गेली सात वर्षं खाते आहे. पुण्यात कथक शिकले, पुढे नोकरीसाठी फ्रान्समधल्या ल्योंला आले आणि इथे हौशी मंडळींच्या एका गटात या नाचात शिरले. आम्ही आठ नाचणारे आणि पाच वादक. चाळीस मिनिटांचा कार्यक्रम उभा करायला आम्हाला साधारण तीन महिने लागतात, तेही आठवड्यातून दोन तालमी धरून. त्या तीन महिन्यांत काय कोणत्या क्रमाने करायचं, ते या लेखात सांगते. सगळ्या लेखाचा गाभा मात्र आधीच सांगून टाकते: वादकांनी नाचायचं, नाचणाऱ्यांनी गायचं आणि पहिल्या तालमीपासून दोघांनी एकाच खोलीत असायचं. नाच वेगळा बसवला, संगीत वेगळं बसवलं आणि शेवटच्या आठवड्यात दोन्ही एकत्र आणलं, तर प्रयोग होतो, पण त्यात जीव येत नाही.

आधी एकच पुस्तक धरा

'प्रबोधनकाळातले नाच' असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात दीडशे वर्षं आणि अनेक देश येतात. पंधराव्या शतकातले इटालियन गुरू दोमेनिको दा प्याचेंत्सा आणि त्याचा शिष्य गुल्येल्मो एब्रेओ यांच्या हस्तलिखितांतला नाच वेगळा. बर्गंडीच्या दरबारातल्या 'बास-दान्स' नावाच्या संथ नाचाची सोनेरी-रुपेरी शाईत काळ्या चर्मपत्रावर लिहिलेली पोथी ब्रुसेल्सला आहे. तिच्यात नाच एकेका अक्षराने नोंदवलाय, आणि तो आणखी वेगळा. फाब्रित्सिओ कारोसोची दोन पुस्तकं व्हेनिसला छापली गेली, १५८१ आणि १६०० साली. चेझारे नेग्रीचं मिलानमध्ये १६०२ साली. ही दोघांची इटालियन शैली फार नाजूक आणि गुंतागुंतीची आहे. तिला वर्षभराचा सराव लागतो.

पहिल्यांदा करणाऱ्याने आर्बोच घ्यावा. कारण साधं आहे: त्याने स्वरांच्या शेजारी पायांची नावं छापली. पानावर संगीताची ओळ वरून खाली उतरते आणि प्रत्येक स्वरासमोर कोणतं पाऊल, ते लिहिलेलं असतं. दुसऱ्या पुस्तकांत सूर वेगळे, परिच्छेदभर वर्णन वेगळं, आणि कुठल्या मात्रेवर काय हे तुम्ही शोधायचं. आर्बोच्या मूळ छापील प्रतीची पानं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. १९४८ चं इंग्रजी भाषांतरही मिळतं. भाषांतर वापरा, पण मूळ पान शेजारी उघडं ठेवा. कुठलं पाऊल कुठल्या स्वरासमोर आहे, हे फ्रेंच न येणाऱ्यालाही डोळ्यांनी दिसतं.

पुस्तकांची खिचडी का करायची नाही, ते नमस्काराच्या एका उदाहरणावरून कळेल. नाचाच्या आधी जोडीदाराला वाकून अभिवादन करायचं असतं. आर्बो सांगतो, डावा पाय जमिनीवर घट्ट ठेवा, उजवा गुडघा वाकवून त्या पायाचं टोक डाव्याच्या किंचित मागे न्या, आणि टोपी काढा. कारोसोच्या पुस्तकात मागे जाणारा पाय डावा. आमच्या गटात पहिल्या वर्षी निम्मे लोक एका कार्यशाळेतून आणि निम्मे दुसऱ्या कार्यशाळेतून आले होते. रांगेत उभं राहून वाकलो तेव्हा कुणाचा उजवा पाय मागे, कुणाचा डावा. प्रेक्षकाला इतिहास माहीत नसला तरी हा घोळ पहिल्या दहा सेकंदांत दिसतो.

पढंत, आणि मग पावान

कथकमध्ये बोल आधी तोंडाने म्हणतात, मग पायांत उतरवतात. ती पढंत मी इथल्या फ्रेंच मंडळींना शिकवली आणि आता गटात तीच रीत रूढ झाली आहे. पहिल्या दोन तालमींत कुणीही पाऊल उचलत नाही. हाताने ताल धरून पावलांची नावं लयीत म्हणायची. वादकांनीही.

सुरुवात पावानने करा. सोपं आहे म्हणून नव्हे, ते फसवं आहे. पावलं दोनच: 'साधं' आणि 'दुहेरी'. साध्यात एक पाय पुढे जातो, दुसरा त्याला येऊन मिळतो. दुहेरीत तीन पावलं पुढे आणि चौथ्याला पाय जुळतात. एका आवर्तनात दोन साधी आणि एक दुहेरी, सुरुवात डाव्या पायाने. आर्बो याला ढोलाचा ठेका देतो, एक लांब आणि दोन आखूड: धूम, टक-टक. हा ठेका नाच संपेपर्यंत बदलत नाही. एका ठेक्याला एक हालचाल, म्हणजे साध्याला दोन ठेके, दुहेरीला चार आणि आवर्तन आठ ठेक्यांचं. तोंडाने असं म्हणा:

डावा… जुळे… उजवा… जुळे… डावा… उजवा… डावा… जुळे…

आर्बोने पावानसोबत 'बेल की त्यां मा व्ही' हे चार आवाजांचं गाणं दिलंय. पढंत पक्की झाली की सगळ्यांनी निदान त्याची वरची ओळ तरी पाठ करायची. मग गात गात चालायचं. लय किती, हा प्रश्न इथेच सुटतो. पहिला चरण ('बेल की त्यां मा व्ही') चार ठेक्यांत आणि दुसरा ('काप्तीव्ह दां ते ज्यो') पुढच्या चार ठेक्यांत बसतो. चालता चालता एक चरण एका श्वासात सहज पुरा झाला पाहिजे. दम तुटला तर लय फार संथ आहे. मागे ओढला जाणारा झगा पायात यायला लागला तर फार जलद आहे. आम्हाला मिनिटाला साधारण ४० ठेके मानवतात. तुमच्या दालनात, तुमच्या कपड्यांत हा आकडा थोडा वेगळा येईल.

पावान म्हणजे मिरवणूक. राजे आणि थोर सरदार सणासमारंभाला अंगभर झगे घालून, राण्या आणि राजकन्या लांब घोळ ओढत याच नाचाने स्वतःला दाखवत, असं आर्बो लिहितो. म्हणून त्यात 'नाचायचं' नसतं. माझी पहिली चूक इथेच झाली. कथकची सवय म्हणून माझी टाच जमिनीवर वाजायची. दोन महिने मी फक्त पाऊल आवाज न करता ठेवायला शिकले: आधी चवडा, मग वजन, टाच सगळ्यात शेवटी. छाती पुढे फुगवायची नाही, पाठीचा कणा वर ओढल्यासारखा ठेवायचा, आणि नजर जोडीदाराच्या खांद्यावरून दालनाच्या टोकाकडे. जोडीदाराचा हात धरायचा नसतो. एकाने पंजा खाली उताणा द्यायचा आणि दुसऱ्याने त्यावर आपला ठेवायचा, भरलेली वाटी तळहातावर तोलल्यासारखा. एवढं साधलं की चार जोड्या नुसत्या चालत आल्या तरी सभागृह गप्प होतं.

लय पायांकडून घ्या

पावाननंतर गायार्द. तीन-तीन मात्रांचा, उड्यांचा नाच. त्याचं दुसरं नाव 'पाच पावलं': सहा मात्रांत पाच हालचाली. पहिल्या चार मात्रांवर पाय आलटून पालटून हवेत पुढे फेकायचे. या पावलाला आर्बो 'ग्रू' म्हणतो. ग्रू म्हणजे क्रौंच पक्षी, एका पायावर उभा असतो तो. पाचव्या मात्रेवर मोठी उडी, आणि सहाव्यावर एक पाय पुढे टेकवून ठाम उभं राहायचं. मग तेच सगळं दुसऱ्या पायाने.

डावा, उजवा, डावा, उजवा, (हवेत), ठाम.

पाचवी मात्रा जमिनीवर रिकामी असते. सगळं सौंदर्य त्या रिकामपणात आहे. उशिरा येणाऱ्या समेची वाट पाहताना आपण जसा श्वास धरतो, तसंच.

या नाचाची लय ठरवताना लोक ध्वनिमुद्रणं ऐकतात, आणि तिथेच फसतात. ध्वनिमुद्रण करणाऱ्या वादकांसमोर कुणी उडी मारत नसतं. तुम्ही गुरुत्वाकर्षणाला विचारा. ते १५८९ मध्येही आजच्याइतकंच होतं. २० सेंटिमीटर उंच उडी मारणारा माणूस हवेत सुमारे ०.४ सेकंद असतो, ३० सेंटिमीटर मारणारा जवळजवळ अर्धा सेकंद. चौथ्या मात्रेवर एका पायावर असलेल्या माणसाला गुडघा वाकवून उडी घेऊन सहाव्याला टेकायचंय, म्हणजे त्याच्या हातात दोन मात्रा आहेत. मिनिटाला १०० मात्रांची लय असेल तर १.२ सेकंद. तयारीला आणि उडीला हे आरामात पुरतं. लय १६० वर नेली तर ०.७५ सेकंद उरतो. मग उडीची नुसती उचकी होते आणि घोट्यावर भार येतो. उलट लय ७० वर आणली तर माणूस मात्रेच्या कितीतरी आधी खाली येतो आणि उभा राहून वाट पाहतो, कारण हवेत थांबणं कुणाच्याच हाती नाही.

याचा पुरावा आर्बोच्याच पुस्तकात आहे. गायार्दचाच जुळा भाऊ तूर्दियों. त्यात पावलं तीच, पण पाय जमिनीलगत ठेवायचे. म्हणून तूर्दियोंची लय हलकी आणि जलद, आणि उंच उडायचं म्हणून गायार्दची जास्त धीमी आणि भारदस्त. आपल्या मंडळींचे गुडघे पन्नाशीचे असतील तर खुशाल तूर्दियों करा. त्यात कमीपणा काही नाही, आणि तो सोळाव्या शतकाशी प्रामाणिकही आहे.

हे मी शहाणपणाने शिकले नाही. तिसऱ्या वर्षी एका ठिकाणी आम्हाला वादक तिथले घ्यावे लागले. ते प्रयोगाच्या दिवशी दुपारी आले, एकदा वाजवून पाहिलं आणि संध्याकाळी मंचावर. वादक उत्तम होते. पण गायार्द त्यांनी मैफलीत वाजवतात तशी घेतली. फरशी दगडी होती. तिसऱ्या आवर्तनाला आमच्यातली सगळ्यात चांगली नाचणारी मुलगी उडीतून तिरपी उतरली आणि सहा आठवडे तिचा घोटा बांधलेला राहिला. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: जो वादक तालमीत स्वतः एकदा तरी पाच पावलं नाचलेला नाही, तो प्रयोगात गायार्द वाजवत नाही. आमची सॅकबट (ट्रॉम्बोनचं जुनं रूप) वाजवणारी बाई साठीची आहे. ती उडी मारत नाही, पण चार ग्रू करते आणि पाचव्या मात्रेवर फक्त टाचा उचलते. तेवढ्याने तिच्या फुंकेत फरक पडला. पाचव्या मात्रेचा सूर ती आता दाबत नाही, सोडते.

वोल्त हा नाच, ज्यात पुरुष स्त्रीला कंबरेखाली हात आणि मांडीचा आधार देऊन उचलून फिरवतो, तो पहिल्या वर्षी कार्यक्रमात घेऊ नका. आर्बोलाही त्यातली भोवळ आणि मर्यादा दोन्ही खटकत होत्या.

संगीत: कोणतं, कशावर, कोणत्या सुरात

आर्बो बहुतेक नाचांची एकच ओळ देतो, नुसती चाल. चार सुरावटींचं भरलेलं संगीत हवं असेल तर त्याच शतकातले छापील संग्रह आहेत: पॅरिसमध्ये पिएर आतेन्यांने १५३० च्या सुमारापासून छापलेले, अँटवर्पमध्ये तिल्मान सुझातोने १५५१ साली काढलेला 'दान्सेरी', आणि मिखाएल प्रेटोरिउसचा १६१२ चा 'तेर्प्सिकोरे', ज्यात तीनशेहून जास्त नाच आहेत. यांच्या प्रती आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या संकेतस्थळावर मिळतात.

इथे एक सापळा आहे. संग्रहात एखाद्या तुकड्यावर 'ब्रांल' लिहिलंय म्हणून तो तुमच्या ब्रांलला बसेलच असं नाही. दुहेरी ब्रांलमध्ये डावीकडे एक दुहेरी, उजवीकडे एक दुहेरी, म्हणजे आठ मात्रांचं आवर्तन. साध्या ब्रांलमध्ये डावीकडे दुहेरी पण उजवीकडे फक्त साधं, म्हणजे चार अधिक दोन, सहा मात्रा. सहाच्या नाचाला आठाची चाल वाजवली तर दुसऱ्याच आवर्तनाला पाय आणि सूर एकमेकांना सोडून जातात, आणि नाचणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं. म्हणून तुकडा निवडण्याआधी पेन्सिल घेऊन त्याचे चरण मोजा. मग पुनरावृत्ती कुठे आहेत ते मोजा. मग एका माणसाला तो नाचायला लावा. या तिन्हीतून पार पडेल तोच तुकडा कार्यक्रमात.

वाद्यांचे त्या काळी दोन गट मानत. मोठ्या आवाजाची, उघड्यावर किंवा मोठ्या दालनात वाजवायची: शॉम, सॅकबट. हळू आवाजाची, आतल्या दालनातली: रेकॉर्डर (सरळ धरून फुंकायची बासरी), ल्यूट, व्हायोल, हार्प. शॉम ही आपल्या सनईच्याच कुळातली. तीच दुहेरी पाती, तोच खाली रुंदावत जाणारा आकार, तसाच भेदक आवाज. शंभर खुर्च्यांच्या सभागृहात ती वाजवली तर पहिल्या रांगेचे कान जातात. पहिल्या कार्यक्रमाला माझी शिफारस अशी: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार रेकॉर्डर आणि एक ढोल. प्लास्टिकचे रेकॉर्डर चालतात. चांगल्या कंपन्यांचे सुरात असतात. सॅकबट वाजवणारं कुणी सापडलं तर पावानला दुधात साखर.

ढोल मात्र जपून निवडा. त्या वेळी वादक एका हाताने तीन भोकांची बासरी वाजवायचा आणि दुसऱ्याने ढोल. आपल्याकडची ढोलकी इथे वापरू नये, तिच्या शाईचा सूर लागतो आणि चालीशी भांडतो. डफ बरा, त्याच्या कातड्यावर आतून कापड लावून आवाज थोडा दाबलेला. आणि ढोल वाजवणाऱ्याला नाचणाऱ्यांचे पाय दिसले पाहिजेत. गटाचा खरा संचालक तोच.

सुरांबद्दल आपल्या कानांना एक फायदा आहे. तेव्हाची कळफलकाची वाद्यं बहुधा 'मीनटोन' पद्धतीने लावत; तिच्या सर्वात प्रसिद्ध प्रकारात गंधार शुद्ध असतो, पाचास चार या प्रमाणातला. आजच्या पियानोचा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा आहे. तानपुऱ्याच्या झंकारात जो गंधार आपसूक ऐकू येतो, तोच हा. मी आमच्या रेकॉर्डरवाल्यांना फोनवर तानपुरा लावून शेवटचा स्वरसमूह त्यावर जुळवायला लावते. पहिल्यांदा तो जुळला तेव्हा चौघांनी वाजवणं थांबवलं आणि एकमेकांकडे पाहिलं. गेली वीस वर्षं ती माणसं पियानोच्या गंधारावर वाजवत होती.

पुनरावृत्तीला तीच ओळ जशीच्या तशी वाजवू नका. वरच्या ओळीने लांब स्वर छोट्या स्वरांत फोडून भरायचा असतो. गानास्सीने १५३५ साली व्हेनिसमध्ये आणि ओर्तिझने १५५३ साली रोममध्ये याच विषयावर पुस्तकं छापली. आपल्याला ही कल्पना नवी नाही. फक्त इथे फिरत लांब जायचं नसतं. पाय खाली वाट पाहत असतात, चरणाच्या शेवटी घरी यायचंच. आणखी एक: जुन्या प्रतींत चरणाच्या शेवटी 'नी' चढवून शुद्ध करण्याची खूण पुष्कळदा छापलेली नसते, वादकाने ती ओळखायची असते. चौघांनी मिळून आधी पेन्सिलने खुणा करा, नाहीतर ऐन प्रयोगात एकाचा नी कोमल आणि दुसऱ्याचा शुद्ध.

गोव्यात चर्चच्या शाळांमुळे पाश्चात्त्य स्वरलेखन पिढ्यान्‌पिढ्या वाचणारी घरं आहेत. तिथे कुणी हे करायला घेतलं तर संगीताची बाजू आमच्यापेक्षा लवकर उभी राहील.

ब्रांल

ब्रांल म्हणजे हात धरून गोलात किंवा रांगेत बाजूला सरकत करायचे नाच. यांचा क्रमच एक छोटं नाटक आहे. आर्बो सांगतो: वडीलधारी दुहेरी आणि साधे ब्रांल शांतपणे नाचतात, नवविवाहित 'गे' ब्रांल, आणि सगळ्यात तरुण मंडळी बर्गंडीचा, तो चपळ असतो. म्हणून तुमच्या गटात वय मिश्र असेल तर ते लपवू नका. वडिलांपासून सुरू करा आणि एकेक पिढी आत येऊ द्या.

डावीकडचं पाऊल मोठं आणि उजवीकडचं लहान, म्हणजे वर्तुळ हळूहळू डावीकडे सरकतं. हे न पाळल्यास गोल जागच्या जागी हेलकावत राहतो.

परकर, बूट, फरशी

पूर्ण पोशाख शिवणं खर्चाचं काम आहे आणि ते दुसऱ्या वर्षी करा. पण पोशाखाचं वजन पहिल्या तालमीपासून हवं. आमच्याकडे बायका आईच्या साडीखालचे दोन-दोन परकर एकावर एक घालून सराव करतात. माझ्या आईने पुण्याहून असे सहा पाठवले. परकर पुढून पायाने हलकेच ढकलत चालायचं, हाताने उचलायचं नाही. झग्याखाली घेरदार सांगाडा असेल तर जोड्यांमधलं अंतर एक हात वाढतं; ते आधीच मोजून खडूने खुणा करा. पुरुषांना घट्ट जाकीट घालायला लावा. खांदे आपोआप मागे जातात, आणि पुढे मान काढून चालणारा माणूस दोन तालमींत सरळ होतो.

बूट पातळ चामडी तळव्याचे, टाच नसलेले. रबरी तळवा फिरताना फरशीला धरून ठेवतो आणि गुडघा पिळतो. लाकडी फरशी मिळाली तर गायार्द करा. दगडी किंवा काँक्रीटवर फक्त पावान, तूर्दियों आणि संथ ब्रांल. ही गोष्ट आयोजकाला पहिल्याच फोनवर विचारायची.

मंच आणि माहितीपत्रक

दरबारात प्रेक्षक तिन्ही-चारही बाजूंना असत आणि नाच दालनाच्या मुख्य आसनाकडे जाई. आजच्या मंचावर प्रेक्षक एकाच बाजूला, त्यामुळे ब्रांलच्या गोलात निम्म्यांची पाठ दिसते. शक्य असेल तर खुर्च्या तीन बाजूंना लावा. नसेल तर गोल पुढून उघडा ठेवा, घोड्याच्या नालेसारखा. चार जोड्यांच्या पावानला साधारण आठ बाय दहा मीटर मोकळी जागा लागते. वादक मागे नकोत. बाजूला, किंचित पुढे, म्हणजे त्यांना पाय दिसतील आणि नाचणाऱ्यांना ढोलकऱ्याचा हात.

माहितीपत्रकात प्रत्येक नाचापुढे आम्ही तीनपैकी एक शब्द छापतो: 'लिखित', 'जुळवलेलं', 'आमचं'. पावलं आणि चाल दोन्ही आर्बोची असतील तर लिखित. पावलं आर्बोची, संगीत सुझातोचं असेल तर जुळवलेलं. हातांची ठेवण, प्रवेश, जोड्यांची अदलाबदल हे बहुतेक आमचं. लोकांना हे आवडतं. प्रयोगानंतर येऊन विचारतात, 'आमचं' म्हणजे नक्की काय ठरवलंत, आणि खरी चर्चा तिथून सुरू होते. आर्नोल्ड डोल्मेचने इंग्लंडमध्ये १९२५ साली हॅझलमिअरचा महोत्सव सुरू केला, तेव्हा तो जुनी वाद्यं बनवत होता आणि त्याची बायको मेबल जुने नाच शोधून नाचत होती. आपण त्यांच्या काही निष्कर्षांच्या पुढे आलो आहोत, पण एकाच घरात वाद्य आणि पाऊल हे त्यांचं सूत्र अजून तसंच खरं आहे.

शेवटचे पंधरा दिवस, आणि प्रेक्षक

शेवटच्या पंधरवड्यात नवीन काही शिकवू नका. प्रत्येक तालमीत पूर्ण कार्यक्रम एकदा, न थांबता. त्यातली एक तालीम संगीताशिवाय, फक्त पढंतीवर. एक तालीम वादकांनी डोळे फक्त पायांवर ठेवून, कागद न बघता. मेणबत्ती हातात घेऊन जोडीदार निवडण्याचा ब्रांल करणार असाल तर बॅटरीची मेणबत्ती घ्या. परकर, कागदी कॉलर आणि खरी ज्योत एका मंचावर नको.

आणि शेवटी प्रेक्षकांना नाचायला बोलवा. याला आम्ही 'लावांदिएर' घेतो, म्हणजे धोबिणींचा ब्रांल. आर्बो सांगतो, पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठावर कपडे धोपटणाऱ्या बायकांचा आवाज टाळ्यांनी काढतात म्हणून हे नाव. आधी डावी-उजवी दुहेरी. मग साध्या पावलांवर बायका पुरुषांकडे बोट उगारतात, पुढच्या वेळी पुरुष बायकांकडे. मग डावीकडच्या दुहेरीत टाळ्या आणि उजवीकडे हात धरून परत. शिकवायला सहा मिनिटं लागतात. पावलं आधी तोंडाने म्हणून घ्या, मग पाय, आणि ढोल सगळ्यात शेवटी आणा.

मागच्या जूनमध्ये आई इथे आली होती. तिचं बालपण वाईला गेलं, कृष्णेच्या घाटालगत. ती खुर्चीतून उठणार नाही असं मला वाटत होतं, पण टाळ्या सुरू झाल्या तशी ती पदर खोचून गोलात आली. बोट उगारण्याची मात्रा तिची दरवेळी चुकली. टाळ्यांची एकदाही नाही. शेजारच्या फ्रेंच बाईला ती हात वरून खाली आणून दाखवत होती, ओलं कापड दगडावर कसं आपटतात ते, आणि दुसऱ्या फेरीपासून अर्धा गोल तसाच टाळ्या वाजवू लागला. ढोलकऱ्याने ते पाहिलं आणि ठेका किंचित मागे धरला.